मामंजींचं पोट आणि गोधडीचा कोपरा

आमच्या मामंजींना चार-चार दिवस परसाकडे होत नसे, आणि ही गोष्ट साऱ्या वाडीला ठाऊक होती. सून म्हणून मला ती ठाऊक असली तरी नसल्यासारखं वागायचं होतं. पण वाडी होती पंचवीस घरांची. सकाळी तांब्या घेऊन करवंदीच्या जाळीआड कोण गेलं, कधी गेलं, कधी आलं, हे ज्याला त्याला दिसायचं. मामंजी जायचे ते जनावरं सुटून रानाला लागली तरी यायचे नाहीत. आले की ओटीवर टेकायचे, पोटावरून हात फिरवायचे, आणि शेजारची काकू कुंपणावरून हाळी द्यायची, "काय भाऊजी, उघडला का घाट?"

"दरड हाय अजून," मामंजी म्हणायचे.

मी आपली आत चुलीपुढे बसून पदर तोंडात कोंबायची. हसावं की लाजावं तेच कळत नसे.

खरा विनोद तर पुढेच. आमची वाडी अकोले तालुक्यात, राजूरहून वर डोंगरात. त्या डोंगरात हिरड्याची झाडं किती म्हणून सांगू! उन्हाळा लागला की पोरंथोरं सगळी बाळहिरडा गोळा करायची, अंगणात वाळवायची आणि राजूरच्या बाजारात नेऊन घालायची. तिथून तो म्हणे पार मुंबईपर्यंत जायचा, औषधवाल्यांकडे. देशाची पोटं साफ करणारा हिरडा आमच्या अंगणात पसरलेला, आणि त्याच अंगणात मामंजी पोट धरून बसलेले. रोज रात्री चमचाभर पूड गरम पाण्याबरोबर घेत होते बिचारे. एरंडेल झालं, सोनामुखी झाली, पोट चोळणारी बाई झाली. त्या पोटाला कशाची भीडच नव्हती.

मी पारनेरकडची. सातवी पास, तोंडाची फटकळ. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या सालची ही गोष्ट. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. आमचे हे खाली देशावर साखर कारखान्यात, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा घरी यायचे. म्हणजे घरात मी, मामंजी, दोन बैल आणि एक गाय. सासू नाही म्हणून माहेरच्या बायका मला भाग्याची म्हणायच्या. पण बोलायला माणूस नाही म्हणजे काय ते त्यांना काय माहीत!

मामंजी तसे देवमाणूस. आवाज कधी चढायचा नाही. भाकरी करपली तरी "असू दे पोरी", बैलानं वाफा तुडवला तरी "असू दे". वाडीत भांडण झालं की दोन्हीकडची माणसं यांच्या ओटीवर यायची. दारू पिऊन आलेल्या पोराला त्याची आई धरून यांच्यासमोर उभं करायची, आणि मामंजी नुसतं बघायचे. शिव्या नाहीत, मारणं नाही. त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, मोहरीएवढ्या. त्या डोळ्यांनी बघितलं की पोरगं खाली मान घालायचं. माझ्या बापाचा तापट स्वभाव बघून आलेली मी, मला वाटायचं, नवस न बोलताच देव मिळाला.

आता नवरात्राचं सांगते. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवायचं, हा आमच्याकडचा नेम. भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण, काही म्हणता काही राहता कामा नये. मामंजींची गोधडी तेवढी मागच्या साली राहिली होती. "माझी ऱ्हाऊ दे, मी धुईन माझी," असं म्हणाले होते आणि धुतली नव्हती. यंदा मी ठरवलंच. ते भाताच्या खाचरात पाखरं हाकायला गेले आणि मी गोधडी डोक्यावर घेऊन ओढ्यावर गेले.

पाण्यात भिजवायच्या आधी उसवलेलं बघावं म्हणून हात फिरवत होते, तर उशाकडच्या कोपऱ्यात गाठ लागली. वरून ठिगळ, ठिगळाला नुसते धावते टाके. उसवलं. आत चिंधीत गुंडाळलेला काळा चिकट गोळा, सुपारीहून थोडा मोठा. वास कडू, ओल्या पाल्यासारखा. आणि त्याच्यावर नखांनी टोकरल्याच्या खुणा.

करणी!

आमच्या माहेरी असल्या गोष्टी फार. कोणाच्या उंबऱ्याखाली लिंबू निघालं, कोणाच्या उशीत केस निघाले. म्हणून तर या माणसाचं पोट बांधलं गेलंय, हे माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. हिरडा बापडा काय करणार, पोटाला गाठ मारलेली गोधडीत! माझी आई सांगायची, असलं काही सापडलं तर तोंडातून शब्द काढायचा नाही. वाहत्या पाण्यात सोडायचं, मागं वळून बघायचं नाही, आणि जन्मात कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की उलटतं, ज्याच्यावर केलंय त्याचा जीव घेऊन जातं.

मी तसंच केलं. पुडी धारेत सोडली, वळून पाहिलं नाही, गोधडी धोपटून धुतली, खडकावर वाळवली. दुपारी माहेरच्या डबीतला लाल दोरा घेऊन कोपरा नीट शिवून टाकला. मनातून मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी घट बसले आणि मामंजी सकाळी तांब्या घेऊन गेले ते एवढ्यात परत आले. मग पुन्हा गेले. दुपारी पुन्हा. काकू कुंपणावरून ओरडली, "अगं बया, घाट उघडला की गं! देवी पावली!" मी हसले. मी मनातल्या मनात हरखले होते. देवी कसली, मी पावले होते त्यांना. सांगायची सोय नव्हती म्हणून, नाहीतर साऱ्या वाडीला सांगितलं असतं.

मामंजी मात्र हसले नाहीत. ओटीवर गोधडी उलटीपालटी करत बसले होते. मला वाटलं, ऊन दाखवतायत.

संध्याकाळपासून त्यांना जांभया सुरू झाल्या. एक संपते न संपते तोच दुसरी, जबडा निखळेल अशा. नाक गळायला लागलं, डोळ्यांना धार. ऑक्टोबरच्या उन्हात त्यांच्या दंडावर काटा उभा राहिलेला मी पाहिला. सर्दी म्हणावी तर अंगात ताप नाही. ताप नाही म्हणावं तर माणूस थंडीनं कुडकुडतोय. मी आल्याचा काढा केला. तो पोटात ठरला नाही.

तिसऱ्या दिवशी तर त्यांना जाळीपर्यंतही जाववेना. पाण्यासारखे जुलाब, वर उलट्या, पोटात मुरडा. पाय सारखे झाडत होते, या कुशीवरून त्या कुशीवर. डाळिंबाची साल उगाळून दिली, जायफळ दिलं, तांदळाची पेज दिली. दिलं की बाहेर. जे पोट दीड वर्ष माझ्यासमोर उघडत नव्हतं, ते मिटायचं नाव घेईना! आता मी देवीला उलटं साकडं घालत होते, बाई, बंद कर, पहिल्यासारखं कर. देवीनं तरी कोणाचं ऐकावं.

काकू दारातूनच म्हणाली, "पटकी तर न्हाई?" झालं. कॉलऱ्याचा हा शब्द उच्चारला आणि आमच्या अंगणात पाऊल टाकणारं माणूस दिसेना. दुपारी कोणीतरी भगताला घेऊन आलं. भगतानं तांदूळ टाकले, डोळे मिटले आणि म्हणाला, "ह्या घरातलं कायतरी घराबाहेर गेलंय. ज्यानं घालवलं त्याला ठाव हाय."

मामंजींनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तोंड भिंतीकडे केलं.

ती नजर मला काही केल्या उलगडेना. रागाची नव्हती, संशयाची नव्हती. आणि त्यांचे डोळे बदलले होते. मोहरीएवढ्या बाहुल्या करवंदासारख्या मोठ्या झाल्या होत्या. मला वाटलं, हा माझा सासरा नव्हेच, ज्यानं करणी केली तोच आत येऊन बसलाय. मी करणी काढली म्हणून पोट सुटलं? की करणीला हात लावला म्हणून ती उलटली? पाण्यात टाकली म्हणून त्यांच्या अंगातलं पाणी चाललंय? जितका विचार करत होते तितकी गुंतत होते. सांगावं तर माझ्या शब्दानं मरतील, गप्प बसावं तर डोळ्यादेखत मरतायत. त्यांचे गाल आत गेले होते, जीभ लाकडासारखी. एवढं कळत होतं की हा माणूस उद्याचा दिवस काही काढत नाही.

मी बाहेर आले आणि तोंडाचा पट्टा सोडला. "ज्यांची भांडणं ह्यांनी मिटवली त्यांच्यातले चार खांदे द्या मला! आज न्हाई दिले तर उद्या द्यायलाच लागतील!" चौघं आले. लाजेनं का होईना, आले. वेळूला घोंगडी बांधून झोळी केली, त्यात मामंजींना घातलं आणि डोंगर उतरून राजूरचा सरकारी दवाखाना गाठला. झोळीत घालताना त्यांच्या अंगावर मी तीच धुतलेली गोधडी टाकली होती. सगळ्या वाटेनं ते तिचा कोपरा मुठीत धरून होते.

डॉक्टर तरणा होता, चष्मेवाला, बाहेरगावचा. झोळीवाल्यांना त्यानं पडवीत बसवलं. मामंजींची नाडी बघितली, कातडी चिमटीत धरून बघितली, सलाईन लावलं. मग पापणी वर करून डोळ्यात बॅटरी मारली आणि तिथंच थांबला. मामंजींनी तेवढ्यात जांभई दिली.

"पटकीत माणूस जांभया देत नाही," तो स्वतःशीच म्हणाला. मला म्हणाला, "दारू?"

"न्हाई हो! ते लोकांची सोडवतात."

"तंबाखू, गांजा?"

"सुपारीचं खांड ठाऊक न्हाई त्यांना."

तो गोंधळला. दोन गोंधळलेली माणसं आम्ही समोरासमोर, आणि तिसरं खाटेवर तोंड फिरवून. मग त्यानं विचारलं, "या आधी यांना संडासला कसं व्हायचं?"

आता सांगा, सुनेनं परक्या पुरुषासमोर सासऱ्याचं हे सांगायचं! मी पदर पुढे ओढला, जमिनीकडे बघितलं आणि सांगितलं. चार-चार दिवस. हिरडा. एरंडेल. सगळं. सांगता सांगता कान तापले माझे.

"किती वर्षं?"

"वाडी म्हणती, कायमचंच."

"आणि हे कुठल्या दिवशी सुरू झालं? त्या दिवशी वेगळं काय झालं? काय खाल्लं, काय दिलं, काय बंद केलं? नीट आठवा."

आठवायचं काय होतं! मला दुसरं काही आठवतच नव्हतं. खाटेवर मामंजींनी गोधडीचा कोपरा घट्ट धरला. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मला वाटलं, त्यांनाही करणीचं ठाऊक आहे आणि जिवाच्या भीतीनं नको म्हणतायत. मग तर मी बोलूच नये. पण सलाईनची बाटली निम्मी झाली होती आणि त्यांचे पाय अजून झाडत होते. मी मनात म्हटलं, गप्प बसून मारण्यापेक्षा बोलून मारीन. आणि रडत रडत सांगून टाकलं. गोधडी, गाठ, काळा गोळा, नखांच्या खुणा, ओढा. सांगून झाल्यावर डोळे गच्च मिटून घेतले. आता श्वास थांबेल, आता थांबेल.

डॉक्टरानं विचारलं, "वास कसा होता?"

"कडू. वल्या पाल्यावानी."

तो खुर्चीवर बसला. चष्मा काढून पुसला. "करणी कसली बाई," तो म्हणाला, "अफू होती ती."

मला अफू म्हणजे काय ते धड ठाऊक नव्हतं. तिच्याच झाडाची खसखस तेवढी ठाऊक होती, दिवाळीच्या अनरशावर लावतात ती. डॉक्टरानं कपाटातून तपकिरी बाटली काढली, पाण्यात थेंब मोजून टाकले आणि मामंजींना पाजले. घड्याळाचा काटा अर्धा फिरला असेल नसेल, पाय झाडायचे थांबले. तासाभरात जांभया गेल्या, मुरडा गेला, आणि मामंजी झोपले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"काय दिलंत?" मी विचारलं.

"तेच," तो म्हणाला. "अफूच. औषधाची."

मी वेडीच व्हायची बाकी होते. ज्यानं पोट बांधलं तेच विष, आणि तेच औषध? डॉक्टरानं समजावलं, अफू आतडी झोपवते. इतकी वर्षं झोपलेली आतडी एकदम उठली, ती अशी उठली. आता त्यांना हळूहळू उठवायचं. रोज थेंब मोजून द्यायचे, आणि दर आठवड्याला थोडे कमी करायचे. थेंब मोजायचं काम त्यानं माझ्यावर टाकलं. झोळीवाल्यांना मात्र एवढंच सांगितलं, की जोराची हगवण होती, आता भ्यायचं कारण नाही. भला माणूस!

हे सगळं मला तेव्हा निम्मं कळलं. उरलेलं निम्मं कळायला माझी धाकटी लेक फार्मसी शिकून यावी लागली. ती म्हणाली, "आई, आतड्याच्या भिंतीत नसांचं जाळं असतं. त्या नसांवर अफूला बसायला जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. अफू तिथं बसली की आतडं पुढं ढकलायचं थांबतं, पाझर आटतो, आणि आतलं सगळं वाळून खडा होतं. डोक्यातही तशाच जागा असतात. डोक्याला हळूहळू सवय होते, म्हणून माणूस गोळी वाढवत जातो. आतड्याला तेवढी सवय होत नाही. ते बिचारं बंदच."

मी म्हटलं, "अगं पण देवानं आतड्यात अफूला जागा केलीच कशाला? त्यांच्या पोटाला आधीच काय ठाऊक, हे अफू खाणार म्हणून?"

ती हसली. "जागा अफूसाठी नाहीच. आपलं शरीर स्वतःच तसलं काहीतरी थोडं थोडं बनवतं. जागा त्याच्यासाठी."

म्हणजे घरच्या माणसासाठी मांडलेल्या पाटावर पाहुणा येऊन बसला, आणि पन्नास वर्षं उठलाच नाही. लेक म्हणाली, तसंच समज. मी समजले. पण खरं सांगू, अजूनही पुरतं उलगडलेलं नाही. दुखणं थांबवणारं आणि पोट थांबवणारं एकच का असावं, हे कोणीतरी मला नीट सांगायला हवं.

तर आम्ही घरी आलो. दसऱ्याला हे आले, त्यांना सांगितलं, पोट बिघडलं होतं. रोज सकाळी मी थेंब मोजायची आणि मामंजी भांड्याकडे बघत बसायचे.

"एक थेंब कमी पडला."

"पडला न्हाई, पाडला."

जसजसे थेंब कमी झाले तसतसा घरात नवाच माणूस आला. देवमाणूस गेला कुठे कोण जाणे! हा माणूस बैलांवर ओरडायचा. "ही भाजी हाय का पालापाचोळा?" म्हणून ताट सरकवायचा. मीही काय कमी नव्हते. "पालापाचोळा दीड वर्ष गोड लागत हुता की!" असं ठणकावायची. रात्रीची झोप नाही, दिवसा चैन नाही. पण एकदा विनोद झाला तेव्हा तो पोट धरून हसला, आणि मला जाणवलं की मामंजी मोठ्यानं हसलेले मी कधी ऐकलेच नव्हते. ज्या शांतपणावर मी जीव टाकला होता तो त्यांचा होता की त्या गोळ्याचा, या विचारानं मी हैराण झाले. कोणता सासरा खरा धरावा?

मार्गशीर्षात एका दुपारी मी अंगणात भात पाखडत होते. मामंजी ओटीवर बसून गोधडीवर हात फिरवत होते. ती सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची होती. अचानक ते रडायला लागले. लहान पोरासारखे, हुंदके देऊन. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. काकू नंतर म्हणाली, त्या गेल्या तेव्हा भाऊजींच्या डोळ्यात टिपूस नव्हतं.

मी सूप बाजूला ठेवून जवळ जाऊन बसले. सुनेनं असं बसायचं नसतं, पण बसले. म्हटलं, "मामंजी, चुकलं माझं. करणी समजून टाकली मी. आधी सांगितलं असतं तर तुमचे एवढे हाल झाले नसते."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "घट बसायच्या आदल्या रातीच कोपरा चाचपला. लाल दोऱ्याचे टाके. ह्या घरात लाल दोरा तुझाच."

"मग बोलला का न्हाई? मेला असता की!"

"काय बोलू? पोरी, माझी अफू दे, आसं?" त्यांनी नाक पुसलं. "धरणाच्या कामावर हुतो, मिसरूड फुटायचं हुतं. लई हगवण लागली, बाजूची दोन मेली. मुकादमानं गोळी दिली, अन् मी जगलो. मग पोट दुखलं की गोळी. गोळी खाल्ली की पोट बंद, बंद झालं की दुखतंय, दुखलं की गोळी. एक गोसावी आणून द्यायचा, दिवाळीला अन् शिमग्याला. तुझ्या सासूला ठाव हुतं. तीच कोपरा शिवायची. ती गेली, मग मीच. लोक माझ्या पाया पडत हुते, अन् मी दिसामाजी दोनदा त्या गोधडीच्या पाया पडत हुतो. हे तुला सांगण्यापरीस मेलेलं बरं वाटलं."

मी त्यांना पाणी आणून दिलं.

"अन् तू तीन दिस का गप ऱ्हायली?" त्यांनी विचारलं.

"बोलले तर तुमी मराल म्हणून."

त्यांनी कपाळावर हात मारला. "धन्य हाय!" म्हणाले. मग आम्ही दोघंही हसलो, डोळे पुसत. एकमेकांचा मान राखता राखता आम्ही त्यांना पार मसणाच्या वाटेला लावलं होतं.

शिमग्याच्या आत थेंब संपले. शिमग्याला गोसावी आला. मी चुलीपाशी होते. मामंजी त्याच्याबरोबर बांधापर्यंत चालत गेले आणि परत आले. काय बोलणं झालं, मी विचारलं नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांनी आपली गोधडी मला धुवू दिली नाही. स्वतः ओढ्यावर नेऊन धुवायचे. बायका हसायच्या, काकू टोमणे मारायची, पण ऐकलं नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पुन्हा सुरू केली का? विचारायला तोंड होत नव्हतं. मी चोरून त्यांचे डोळे बघायची, बाहुल्या बारीक झाल्या का म्हणून. उन्हात बघितलं की बारीक वाटायच्या, सावलीत मोठ्या. त्यातून काही निष्पन्न होईना.

एकच साक्ष होती. रोज सकाळी मामंजी तांब्या घेऊन जाळीकडे जायचे आणि मी गायीची धार काढून उठेपर्यंत परत यायचे. रोज. दुष्काळात वाडीचं अन्न निम्मं झालं, रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, तरी नेम चुकला नाही. माणूस तोंडानं काहीही सांगेल, पण पोट? तरी माझी शंका जाईना. अशी मी शंकेखोर.

दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या थंडीत एका सकाळी मामंजी तांब्या घेऊन गेले, वेळेवर आले, ओटीवर बसले आणि छातीत कळ येऊन तिथंच गेले. राजूरला न्यायलासुद्धा वेळ दिला नाही.

गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. दिवसकार्य झाल्यावर मी गोधडी घेऊन एकटीच ओढ्यावर गेले. पाण्यात सोडायच्या आधी उशाकडचा कोपरा चाचपला. गाठ होती.

टाके वाकडेतिकडे, पुरुषी. दोरा लाल. माझ्याच डबीतला, कधी घेतला कोण जाणे. मी दातानं तोडला. चिंधीत काळा गोळा, सुपारीहून थोडा मोठा. हातावर घेऊन उन्हात फिरवून फिरवून बघितला. गुळगुळीत होता. नखाची एकसुद्धा खूण नव्हती.

तीन वर्षं हा माणूस त्याच्यावर डोकं ठेवून झोपला होता. खायचा नव्हता तर घेतला कशाला, आणि घेतला तर खाल्ला का नाही, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. मी तिथंच खडकावर बसून मोठ्यानं रडले, माझा बाप गेला तेव्हा रडले नव्हते इतकी. मग पुडी धारेत सोडली, वाडीकडे चार पावलं गेले, आणि या खेपेला मागे वळून पाहिलं.